तेरा ओळींचा पाहुणा

आमच्या वहिनी सुनीत लिहायला शिकवतात. हे कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "सुनीत कोण? धाकटा का?" मग मी सांगतो की सुनीत म्हणजे चौदा ओळींची कविता. पहिल्या आठ ओळींत एक गोष्ट मांडायची, नवव्या ओळीला कलाटणी द्यायची आणि उरलेल्या ओळींत ती तडीला न्यायची. एवढंच.

"एवढंच!" वहिनी हात झटकतात. "पोहणं म्हणजे तरी काय, हातपाय हलवणं. एवढंच. बुडतात ते काय हौसेनं?"

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आठवड्यातून एकदा संध्याकाळी हा वर्ग भरतो. खोली लांबट, एका भिंतीशी जुनी वर्तमानपत्रं बांधून रचलेली. आत शिरलं की खळीचा आणि धुळीचा वास येतो. फळ्याच्या एका कोपऱ्यात खडू उमटतच नाही. वहिनी नेमक्या तिथंच बोट ठेवून सांगतात, "ही कलाटणीची जागा. इथं काही दिसत नाही, म्हणून इथंच बघायचं."

विद्यार्थी येत-जात असतात. टिकून राहिलेले तिघे. एक दातांचे डॉक्टर. त्यांना कविता करायची इतकी हौस की रोगी तोंड उघडून बसलेला असताना यमक सुचलं तर ते आधी यमक उतरवून घेतात. दुसरे गाडी चालवायला शिकवणारे मास्तर. तिसरी एक मुलगी, टायपिस्ट, इतकी लाजरी की वर्गात तिचं नावच लाजरी पडलं. आणि मागच्या बाकावर मी. दादा माझा थोरला भाऊ, त्यामुळे वहिनींची पिशवी धरणं आणि त्यांना घरी सोडणं हे माझं काम. वर्गात नुसतं बसलेलं त्यांना खपत नाही म्हणून मीही लिहायचो. माझ्या कवितांबद्दल वहिनी एकच म्हणायच्या, "भाऊजी, कागद चांगला वापरता तुम्ही."

नवशिक्यांना वहिनी वृत्तांच्या वाटेला जाऊ देत नाहीत. सोळा अक्षरांची साधी ओळ, आठ आणि आठ, मध्ये एक श्वास. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत त्या अक्षरं मोजतात, आणि ही सवय वर्गापुरती राहिलेली नाही. दादा आजारी पडला तेव्हा घरी आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं, "जेवणानंतर गोळी, झोपण्याआधी ही बाटली." वहिनींचा अंगठा फिरला. "एक अक्षर जास्त झालं. 'ही' काढा." डॉक्टरांनी 'ही' काढला आणि आणखी एक औषध लिहून दिलं, बहुधा वहिनींसाठी.

इतकी वर्षं शिकवलं, पण वहिनींनी स्वतः एक ओळ कधी लिहिली नाही. विचारलं तर म्हणायच्या, "मी सुईण आहे, भाऊजी. सुइणीनं दुसऱ्याच्या खाटेवर झोपायचं नसतं."

दादा पाणीखात्यातून निवृत्त झालेला. कवितेचा आणि त्याचा संबंध एवढाच की बायकोचा वर्ग सुटेपर्यंत त्याला चहा मिळत नसे. "चौदा ओळी कशाला लागतात गं? 'चहा टाक' यात सगळं येतं." मोठा आवाज, त्याहून मोठं हसू. थंडीत त्याला साधा खोकला झाला, खोकल्याचा ताप झाला, ताप छातीत उतरला. इस्पितळातून घरी आणला तेव्हा अंगावर सदरा हँगरवर टांगल्यासारखा दिसत होता. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, आता औषधाचं काम झालं, बाकीचं त्यांच्या शरीरावर. त्या घरात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलणं सुरू झालं.

त्याच आठवड्यात वर्गात पहिली ओळ आली.

आता सुनीत शिकणाऱ्यांची एक ठरलेली चूक असते. चौदाच्या ऐवजी पंधरा ओळी होतात. सांगायचं राहिलेलं असतं, जीव तुटतो, आणि एक ओळ जास्त होते. वहिनी त्यासाठी पिशवीत कात्री ठेवतात. जास्तीची ओळ कचकन कापायची, पट्टी पिशवीतल्याच डब्यात टाकायची आणि कागद परत द्यायचा. त्या दिवशी दातांच्या डॉक्टरांच्या कागदावर पंधरा ओळी होत्या. वहिनी वाचत वाचत मध्येच थबकल्या.

"डॉक्टर! ही ओळ सोन्याची आहे हो." आणि त्यांनी ती मोठ्यानं वाचली:

निघालो मी पहाटेस, कुणी बोलावले नाही.

डॉक्टर खुलले, मग कागदात डोकावले, मग त्यांचा चेहरा दाढ दुखल्यासारखा झाला. "बाई, अक्षर माझंच आहे. पण मी तर कवळीवर लिहीत होतो."

आम्ही हसलो. ओळ बाकीच्या कवितेशी जुळत नव्हतीच. डॉक्टरांच्या ओळी कुठं पंधरा अक्षरांवर लंगडत, कुठं अठरांवर धापा टाकत, आणि ही मात्र आठ-आठ, काट्यावर तोलल्यासारखी. वहिनींनी ती कापली.

पुढच्या आठवड्यात पंधरा ओळी मास्तरांच्या निघाल्या. मास्तरांच्या सगळ्या कविता गाडीवरच्या असतात, पण मध्ये एक ओळ होती: वाट विचारत आलो, वाट सांगे दिशा दाही. "मी नाही लिहिली," मास्तर म्हणाले. "मी वाट विचारत नाही. धंद्याचा प्रश्न आहे."

मग दर आठवड्याला कुणाच्या तरी कागदावर एक ओळ जास्त येऊ लागली. ज्याच्या त्याच्या अक्षरात, ज्याच्या त्याच्या शाईत, आणि लिहिणाऱ्याला पत्ता नाही. मला वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय. मी सगळ्यांना लांब लांब बसवलं, कोरे कागद स्वतः वाटले, परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखा येरझाऱ्या घालत राहिलो. ओळ आली ती आलीच.

एका दुपारी दादा झोपला असताना वहिनींनी डबा उपडा केला आणि पट्ट्या टेबलावर एकाखाली एक लावल्या. "बघा, भाऊजी. पहिलीचं यमक दुसरीला, तिसरीचं चौथीला. आठ झाल्या. कुणीतरी निघालंय, नदी ओलांडतंय, पुलावर येतंय. अष्टक निर्दोष आहे." डोळ्यांत शिक्षिकेचा आनंद होता. चांगला विद्यार्थी भेटल्याचा. मी म्हटलं, "वहिनी, पण हा विद्यार्थी बसतो कुठल्या बाकावर?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आता नववी यायची. कलाटणी."

ती मास्तरांच्या कागदावर आली. मास्तरांना कलाटणी कधी जमली नव्हती. वहिनी त्यांना नेहमी टोचायच्या, "जन्मभर लोकांना वळायला शिकवलंत आणि नवव्या ओळीत सरळ जाता?" त्या दिवशी त्यांनी कागद वाचला आणि अंगठा पेरावर थांबला तो थांबलाच. वर्गाला काही न सांगता त्यांनी पट्टी कापली. बसमध्ये माझ्या हातात दिली.

परी आता थांबलो मी निळ्या फाटकाच्या पाशी.

वहिनींचं घर वरच्या मजल्यावर, आणि खालचं फाटक निळं. कधीतरी पाण्याच्या टाकीचा रंग उरला म्हणून दादानं ते रंगवलं होतं, असला निळा रंग त्या रस्त्यावर दुसऱ्या कुणी दारात उभा केला नसता. वर्गातल्या तिघांपैकी कुणीही ते घर पाहिलेलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांच्या हातून आलं: कुत्रे ओळखून गेले, बोलले ना ते कुणाशी. खालच्या बिऱ्हाडाचं कुत्रं सगळ्या जगावर भुंकतं. टपालवाल्यावर, माझ्यावर, आपल्या मालकावर, एकदा तर आरशावर. त्या संध्याकाळी आम्ही फाटक उघडलं तर ते पुढच्या पायांवर हनुवटी टेकून पडलं होतं. आमच्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. ते जिन्याकडे बघत होतं, आणि घरचं माणूस वर गेल्यासारखी शेपटी संथ हलवत होतं.

मग जिन्याची ओळ आली: जिना लाकडी कण्हतो वळणाच्या पायरीला. मी वर पोचलो तेव्हा दादा उशीवर मान वळवून म्हणाला, "तुम्ही दोघं मघाशी येऊन परत गेलात का रे? वळणावरची पायरी वाजली. मी वाट बघतोय, वर कुणी येईचना."

"पायऱ्या लाकडाच्या आहेत," मी म्हणालो. "हवा बदलली की वाजतात."

"हवेचं वजन बरंच दिसतंय," दादा म्हणाला, आणि हसता हसता त्याला जी खोकल्याची उबळ आली ती वहिनींनी पाठ चोळून चोळून थांबवली.

त्यानंतरची ओळ माझ्या कागदावर आली. मी खिडकीवर लिहीत होतो, शपथेवर सांगतो, खिडकीवर. ओळी मोजल्या, चौदा. वहिनींच्या हातात कागद दिला, त्यांनी मोजल्या, पंधरा. माझंच बसकं अक्षर, माझाच 'ठ' ज्याला लोक बिस्किट म्हणतात. ओळ अशी: जोडे काढून ठेवले, दादाचे होते जोडीला. 'दादा' असं त्याला घरात मी एकटाच म्हणतो.

वहिनींनी पट्टी कापली, पिशवीत ठेवली, आणि माझ्याकडे बघून पुटपुटल्या, "यमक जरा सैल आहे. तुमच्या हातून आली म्हणून." मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या हे मला कळलं.

तेरावी लाजरीची. तिला वाचून दाखवायला सांगितलं की ती कागद तोंडासमोर धरते. त्या दिवशी तसाच धरला, आणि तिच्या कपाटावरच्या कवितेच्या मध्येच, तिच्या त्या बारीक आवाजात आम्हा सगळ्यांना ऐकू आलं:

आत कुणी खोकले ते. लोटलेलेच हे दार.

ती थांबली. "हे मी..." एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. दादा आजारी आहे हे सगळ्यांना माहीत होतं. मास्तरांनी तिला पाणी दिलं. डॉक्टर उठून उगाचच खिडकी लावून आले.

वर्ग सुटल्यावर कुणी हलेना. चौदावी ओळ उरली होती, आणि सुनीत शिकलेल्या माणसाचा शाप असा की पुढची ओळ यायच्या आधी तिचा शेवट त्याला ठाऊक असतो. तिचं यमक 'दार'शी जुळणार. आम्ही न बोलता शब्द शोधत होतो. आणि सगळेच शोधत होते हे तोंडांवर दिसत होतं.

"गार," डॉक्टर हळूच म्हणाले.

"पार," मास्तर म्हणाले.

"ठार," माझ्या तोंडून निसटलं, आणि सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी घाईनं पुढे म्हटलं, "सुतार! कुंभार! फौजदार!"

"फौजदार आला तर बरंच होईल," मास्तर म्हणाले. "बाई, माझं ऐका. वर्ग बंद ठेवा. आम्ही लिहिलंच नाही तर ओळ येणार कुठून?"

वहिनी फळा पुसत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मग तेराच राहतील. तो दाराशी उभा, दार लोटलेलं. मी घरी रोज कडी लावते हो. पण ओळीत ते लोटलेलंच आहे."

तो आठवडा वाईट गेला. दादाला पुन्हा ताप भरला. तो जास्त झोपू लागला, आणि झोपेत मध्येच दाराकडे तोंड करून "हो, हो" म्हणायचा, कुणाला तरी ओ दिल्यासारखा. वहिनी त्याच्या उशाशी बसून पेरांवर अंगठा फिरवत होत्या. मी विचारलं, "काय मोजताय?"

"चौदावी. त्याच्या आधी मी लिहिली, तर ती माझी."

"लिहा की मग! 'जा परत' असं काहीतरी लिहा."

"खोटं आहे ते." त्या वर्गात बोलतात त्याच आवाजात म्हणाल्या. "इतकं चालून आलेला परत जात नाही. खोटी ओळ चौदाव्या जागी टिकत नाही, भाऊजी, गळून पडते. मग त्या जागेवर त्याची येईल." जरा वेळानं म्हणाल्या, "आणि मला येत नाही लिहायला. दुसऱ्यांचं कापण्यात जन्म गेला."

दादा डोळे मिटूनच बोलला, "चहा टाक म्हणावं. सगळं येतं त्यात." आम्हाला वाटलं होतं तो झोपलाय. वहिनींनी त्याच्या कपाळावर हात ठेवला, आणि तो हात तिथंच ठेवून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. नवीन विद्यार्थ्याकडे बघतात तसं.

वर्गाच्या दिवशी शेजारीण दादाजवळ बसायला आली. आम्ही निघालो, तेवढ्यात वहिनी मागे फिरल्या. आतली वेताची खुर्ची उचलून त्यांनी बाहेरच्या खोलीत, दाराशेजारी, खिडकीजवळ आणून ठेवली. पदरानं पुसली. मी म्हटलं, "हे काय आता?" तर म्हणाल्या, "ओळ खरी असायला हवी ना."

वर्गाला तिघेही आले होते. भीती वाटत असूनही आले होते हे मी विसरणार नाही. वहिनी म्हणाल्या, "लिहा. नेहमीसारखं." पेनं कागदाला टेकली. मी माझ्या हाताकडे टक लावून बघत होतो, दुसऱ्याच्या कुत्र्याकडे बघतात तसं. खोलीत पेनांचा खरखराट सुरू झाला. हळूहळू चौघांची पेनं एका लयीत वाजू लागली. आठ आणि आठ, मध्ये श्वास. पुन्हा आठ आणि आठ. आम्ही चौघे होतो, आणि तो श्वास मात्र एकच होता.

वहिनींनी खडू उचलला. ज्या कोपऱ्यात काही उमटत नाही त्याच्या खाली त्यांनी लिहायला सुरुवात केली. खडू दोनदा मोडला. त्यांच्या आयुष्यातली ती पहिली ओळ:

बसा बाहेर खुर्चीत, हे उठाया वेळ फार.

पेनं थांबली. सगळी एकदम.

"बाई," डॉक्टरांनी घसा साफ केला, "इतका वेळ तो बोलत होता. हे तर तुम्ही बोललात."

"मग? तेरा ओळी एकटाच बोलतोय. उत्तर नको द्यायला?" वहिनींचा चेहरा खडूसारखा झाला होता, पण आवाज खणखणीत होता. "न बोलावता आलाय म्हणून पहिल्याच ओळीत सांगतोय बिचारा. न बोलावता आलेल्याला आपण काय करतो? हाकलत नाही आणि आतही घेत नाही. बसवतो. द्या कागद."

कागद गोळा केले. डॉक्टरांच्या चौदा. मास्तरांच्या चौदा. लाजरीच्या चौदा. माझ्या तेरा निघाल्या, पण ती माझी नेहमीची चूक.

घरी येताना कुत्रं आमच्यावर इतकं भुंकलं की मला त्याला मिठी मारावीशी वाटली. वर शेजारीण डुलक्या काढत होती. दादा शांत झोपला होता, कपाळ ओलं आणि थंड, ताप उतरल्यावर असतं तसं. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ खुर्ची होती. तिच्यावर कुणी नव्हतं. वेत मात्र मध्ये खोलगट झाला होता, आणि आम्ही बघत असतानाच तो जरा करकरला, माणूस पायावर पाय टाकून नीट रेलून बसल्यावर करकरतो तसा.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. वर्ग चालू आहे. पंधराव्या ओळी येतात, पण त्या खऱ्याखुऱ्या वाईट असतात आणि वहिनी त्या आनंदानं कापतात. मास्तरांना कलाटणी जमू लागली आहे. दादा ठणठणीत झाला, अंगावर मांस चढलं, सदऱ्याची बटणं पुन्हा ओढू लागली. इस्पितळातले डॉक्टर म्हणतात ही प्रकृतीची कमाल.

एकच गोष्ट बदलली. पाहुणे आले आणि खिडकीजवळच्या खुर्चीकडे वळले की वहिनी पटकन म्हणतात, "तिथं नको, इकडे या, इकडे वारा चांगला येतो." संध्याकाळी त्या खुर्चीशेजारी पाण्याचा पेला ठेवतात. आणि दादाला बाहेरच्या खोलीतून जायचं असलं तर चपला हातात घेऊन, चवड्यांवर, श्वास धरून जावं लागतं. कारण ओळ खरी असायला हवी, आणि ओळीप्रमाणे तो झोपलेला आहे.

"माझ्याच घरात चोरासारखा वावरतोय रे मी," परवा तो आतल्या खोलीत मला कुजबुजत सांगत होता. "भाजी आणायला जातो तरी मागच्या गॅलरीतून उतरावंसं वाटतं. ही म्हणते, उठल्याचं कळू द्यायचं नाही. किती दिवस झोपायचं माणसानं?"

"पुष्कळ दिवस," वहिनी भाजी निवडत म्हणाल्या. "'वेळ फार' असंच लिहिलंय."

"मी काय म्हणतो," मी म्हणालो, "दादा, झोपेचं सोंग घेण्यात तुझी सगळी नोकरी गेली. एवढा अनुभव असलेला माणूस शोधून सापडायचा नाही."

दादाला हसू आवरलं नाही. तो पूर्वीसारखा हसला, भांडी वाजतील असा, मान मागे टाकून. आणि बाहेरच्या खोलीत खुर्ची करकरली. रेललेलं माणूस ताठ होऊन पुढे झुकलं की करकरते तशी.

दादानं तोंडावर हात दाबून धरला. वहिनींच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग त्यांनी मान जराशी दाराकडे वळवली आणि पाहुण्याशी बोलताना काढतात त्या गोड, शांत आवाजात बाहेर ऐकू जाईल असं म्हणाल्या, "झोपेत हसतात हो ते. बसा तुम्ही."